घसाना नंबर शेवटला

पाच वाजता मुकादम काटा गुंडाळतो
तेव्हा आम्ही नऊ जणी पथारीवरून उठतो,
कमरेतून, एकेक मणका मोजत.
सकाळपासून डेखं खुडली.
नखांत लाल, पापण्यांत लाल,
आणि घशात नंदुरबारचा अख्खा हंगाम.

आज निंबाबाईच्या पोरीची हळद.
गाणी आम्हीच म्हणायची.

पण फुलकोरबाई आम्हाला मंडपात शिरू देत नाही.
मागच्या दारी, हातपंपाजवळ उभं करते.
आधी तेल, मग बेसन, मग पाणी.
क्रम चुकला तर रात्रभर तळवे पेटतात,
हे तिने कुणाला शिकवलं नाही,
ज्याचे पेटले तो शिकला.

"तुमनं आंग आजून पथारीवरच शे," ती म्हणते,
"पहिले त्याले अठे लई या."

मग टाचा. टाचांवर उठा, उतरा,
जणू फळीवरचा डबा हाती लागत नाहीये.
मग खांदे कानापर्यंत, आणि सोडून द्या, धप्प.
मान मात्र हळू,
नवी नवरी सासरचं घर बघते तशी,
कुणाला कळू नये की बघतेय.
मग जबडा.
दिवसभर मुकादमाला जे बोलला नाहीत
ते इथे दाढांखाली अडकलंय, म्हणते,
पाडा त्याला खाली.

रुखमाने जांभई दिली.
मग सगळ्यांनीच दिली,
हातगाडीखालच्या कुत्र्यानेसुद्धा.

मी घाई करून एक तान मारायला गेले
तर मिरचीच बाहेर आली,
खोकता खोकता डोळ्यांना धार.
फुलकोरबाईने पाठीवरून हात फिरवला.
"घसाना नंबर शेवटला, पोरी."

ओठ सैल सोडून, गाडीचे बैल हाकतात तसं
ब्रर्र करायचं.
इमलच्या ओठाला भेग, तिला ते जमेना,
नुसती थुंकी उडाली,
आणि हसण्यात आम्हा सगळ्यांचं पोट सुटलं.
हेच पाहिजे होतं, फुलकोरबाई म्हणाली,
आता तिथूनच श्वास घ्या.

मग तोंड मिटून गुणगुणणं.
कोपऱ्यावरची डीपी गुणगुणते ना, तो सूर धरा.
ती कधी उतरत नाही,
लाईट गेली तरच.
छातीच्या हाडावर हात ठेवला
तर आत काहीतरी थरथरत होतं,
माझंच, पण मला न विचारता.

शेजारचा पोरगा हातपंप हापसत होता,
कोरडाच खडखडत होता पंप.
तिने वरून तांब्याभर पाणी ओतलं त्यात
आणि आमच्याकडे बघितलं. बोलली काही नाही.

तशी ती फार बोलत नाहीच.
हे सगळं तिने कुजबुजत सांगितलं.
तीन वर्षं झाली,
धुळ्याच्या दवाखान्यातून ती परत आली
तेव्हापासून तेवढंच उरलंय.
आधी म्हणे हळदीला ती म्हणायला लागली
की स्टेशनपलीकडून लोक विचारत यायचे,
कुणाकडे लग्न आहे.

सुरतेकडची गाडी आली, भोंगा वाजवत.
त्याच्यामागे आवाज खालून वर न्यायचा,
न तोडता.
माझा अर्ध्यावर फाटला.
तिने दोन बोटं माझ्या बरगडीत रोवली: "अठून."
पुन्हा.
तिसऱ्यांदा तो वर गेला,
गाडी निघून गेल्यावरही थोडा वेळ तिथेच राहिला.

मंडपात माईकची वायर ओलांडून बसलो.
निंबाबाई तिला म्हणाली, फुलकोर, तू बस ना पुढे,
एक तरी ओळ धर.
"मनं व्हई गयं," ती म्हणाली
आणि हळदीच्या परातीमागे जाऊन टेकली.

तिसऱ्या गाण्याला उंच जागा आली.
घशात तेच लाल काहीतरी चढायला लागलं,
इमलने माझ्याकडे बघितलं, मी समोर.
परातीपलीकडे फुलकोरबाईने
जबडा खाली सोडला होता.
मी सोडला.